वाचकांचे प्रश्न : घरातले चिनी चित्र, त्याची ओळख आणि किंमत

प्रश्न : आमचे आजोबा भुसावळला रेल्वेत नोकरीस होते. १९४७ साली एक इंग्रज अधिकारी विलायतेला परत जाताना त्याच्या बंगल्यातील सामान विकले गेले, त्यात आजोबांनी एक चिनी चित्र घेतले, असे वडील सांगत. चित्र कागदावर, काळ्या शाईत आहे. चौखूर उधळलेला एक घोडा, लांबी तीन फूट, रुंदी सव्वा फूट. वर-खाली लाकडी दांड्या असून ते गुंडाळून ठेवता येते. डावीकडे वरून खाली चिनी अक्षरांची ओळ आणि तिच्याखाली लाल शिक्का आहे. मोबाइलवर अक्षरे वाचून पाहिली तेव्हा ‘बेइहोंग’ हे नाव आणि ‘ग्वेइ-वेइ वर्ष’ एवढे समजले. एका परिचितांच्या मते हे शू बेइहोंग या जगप्रसिद्ध चित्रकाराचे चित्र आहे, ते भारतात येऊनही गेले होते, तेव्हा किंमत कोटींतच असणार. आम्हा तिघा भावांची वाटणी व्हायची आहे. चित्र खरे आहे का, किंमत किती धरावी आणि फ्रेमवाला म्हणतो त्याप्रमाणे प्लायवर चिकटवून काचेत बसवावे का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तातडीचा तेवढाच आहे. चित्र प्लायवर चिकटवू नये, लॅमिनेशन करू नये, फाटले असेल तेथे पारदर्शक चिकटपट्टीही लावू नये. चिनी चित्राचा कागद अतिशय पातळ असतो. त्याला मागून कागदाचे एक-दोन थर गव्हाच्या खळीने लावलेले असतात आणि ही खळ पाण्याने सुटते, हेच तिचे मोठेपण आहे. शंभर वर्षांनीही जाणकार कारागीर जुने अस्तर सोडवून नवे देऊ शकतो. आजचा पांढरा गोंद एकदा लागला की तसा सुटत नाही, आणि मग चित्र अस्सल ठरले तरी ते विकत घेणारा माणूस आधी दुरुस्तीचा खर्च वजा करतो.

आता चित्राकडे वळू. आपल्या परिचितांनी नाव वाचले आणि तेथून थेट किमतीवर उडी मारली. मधल्या पायऱ्या गाळून चालणार नाहीत, कारण चिनी चित्रावरचे नाव हा त्याच्याविषयीचा सर्वांत कमजोर पुरावा असतो. नाव लिहिता येते, शिक्का कोरता येतो, आणि मूळ शिक्क्याच्या छायाचित्रावरून हुबेहूब ठसा तयार करण्याची सोय झाल्यापासून तर तो जुळला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा, की आपल्यासमोर आहे ते कुंचल्याने काढलेले चित्र आहे की छापलेले. शू बेइहोंग (१८९५–१९५३) यांचे घोडे विसाव्या शतकात अतोनात छापले गेले. दिनदर्शिकांवर, भेटवस्तूंवर आणि थेट गुंडाळीच्या रूपातही. तेव्हा हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

त्यासाठी जळगावच्या सराफ बाजारात खडे पाहायला जे दहापटीचे भिंग वापरतात ते पुरेसे आहे. चित्र स्वच्छ चादरीवर सपाट पसरावे आणि घोड्याची आयाळ व शेपूट पाहावी, कारण तेथे चित्रकाराने कुंचला जवळजवळ कोरडा करून वेगाने ओढलेला असतो. भिंगाखाली एकसारख्या मापाचे, रांगेत बसलेले ठिपके दिसले तर ते ऑफसेट छपाईचे चित्र होय, आणि तपास तेथेच संपतो. ठिपके नाहीत म्हणून मात्र लगेच हुरळून जाऊ नये, कारण जुन्या कोलोटाइप छपाईत ठिपके नसतात; त्यात बारीक सुरकुत्यांसारखी दाणेदार जाळी असते आणि गडद व फिकट दोन्ही भाग कागदावर एकाच पातळीत, निर्जीवपणे पडलेले वाटतात. खऱ्या फटकाऱ्यात कुंचल्याचे केस वेगळे झालेले दिसतात, प्रत्येक केसाची रेघ कोठे तरी तुटते, पुन्हा सुरू होते आणि टोकाला विरळ होत जाते; फटकारा वळतो तेथे शाई साचून गडद झालेली असते आणि ओल्या भागाच्या कडेने पाणी शाईच्या थोडे पुढे पसरलेले असते. चित्र उभे धरून मागून टॉर्च लावला तर गडद फटकारे कागदात मुरलेले दिसतात. चिनी शाई ही काजळी आणि सरस यांची असते. न प्रक्रिया केलेल्या ‘श्वान’ नावाच्या पारंपरिक चिनी चित्रकागदात ती चटकन शिरते आणि एकदा शिरली की पुसली जात नाही. चित्रकाराला दुरुस्तीची संधीच नसते. त्यामुळे कोठे रेघ पुन्हा गिरवलेली, चाचपडत पुढे गेलेली दिसली, तर ती समोर नमुना ठेवून नक्कल करणाऱ्याची असण्याचा संभव अधिक.

या दोहोंच्या मधला एक अवघड प्रकार आहे. बीजिंगमधील रोंगबाओझाइ या जुन्या संस्थेने लाकडी ठशांवरून, पाण्यात कालवलेली खरी शाई वापरून, खऱ्या श्वान कागदावर चित्रांच्या प्रती काढण्याची कला पराकोटीला नेली, आणि शू बेइहोंग व त्यांच्याच काळातील चित्रकार छी बाइशी यांच्या चित्रांच्या अशा प्रती १९५० नंतरच्या दशकात मोठ्या प्रमाणावर निघाल्या. एका चित्रासाठी अनेक ठसे कोरावे लागत. या प्रतीत शाई मुरलेली असते, छटाही असतात, त्यामुळे चांगले जाणकारही काही क्षण थबकतात. फरक असा, की ठशाच्या कोरड्या फटकाऱ्यात केसांच्या रेघा कोरलेल्या असतात. त्यांची टोके विरळ होत जाण्याऐवजी सुरीने कापल्यासारखी संपतात, आणि दोन फटकारे एकमेकांवर येतात तेथे आधी कोणता आणि नंतर कोणता हे सांगता येत नाही. शिक्काही पाहून घ्यावा. हिंगूळ आणि तेल यांचा घट्ट लेप लावून उमटवलेला शिक्का कागदाच्या पृष्ठभागावर किंचित जाड बसतो आणि कधी कधी त्याच्याभोवती तेलाची पुसट कड दिसते. मात्र ठशाच्या प्रतीतही शिक्का वेगळा उमटवलेला असू शकतो, म्हणून एकट्या शिक्क्यावर निर्णय देऊ नये.

कागदाच्या वयाची एक सोपी चाचणी आपल्याकडे बाजारपेठेत उपलब्ध आहे. नोटा तपासण्यासाठी दुकानदार जो जांभळा दिवा ठेवतात, त्याखाली अंधाऱ्या खोलीत कागदाची कड पाहावी. कागद निळसर पांढरा झळकला तर त्यात चकाकी आणणारी रसायने आहेत, आणि ती कागदात साधारण १९५० नंतरच सर्रास आली. असा कागद १९४७ साली आजोबांच्या हाती पडणे शक्य नाही. कागद झळकला नाही तर तो जुना आहे असे मात्र सिद्ध होत नाही, कारण हाताने केलेल्या आजच्या कागदातही ही रसायने नसू शकतात. अस्तराचा कागद आणि चित्राचा कागद वेगवेगळे तपासावेत. चित्राला नंतर नवे अस्तर दिलेले असणे ही चीनमध्ये नित्याची गोष्ट आहे.

आता तारखेविषयी. पारंपरिक चिनी कालगणनेत वर्षांना साठ नावे असून ती क्रमाने फिरतात, त्यामुळे ग्वेइ-वेइ हे वर्ष १८८३, १९४३ आणि २००३ अशा तिन्ही वेळा येते. शू बेइहोंग १८८३ साली जन्मलेले नव्हते आणि २००३ साली हयात नव्हते, म्हणजे चित्रावरील नाव खरे मानायचे तर वर्ष १९४३ धरावे लागते. येथे परिचितांच्या तर्काला पहिला धक्का बसतो. शू भारतात आले होते हे खरे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून १९३९–४० मध्ये ते शांतिनिकेतनात राहिले, गांधीजी तेथे आले असता त्यांचे रेखाचित्र त्यांनी काढले, आणि डोंगर हटवणाऱ्या म्हाताऱ्याच्या चिनी कथेवरचे त्यांचे प्रसिद्ध भव्य चित्र १९४० मध्ये भारतातच झाले. पण १९४३ साली ते चीनमध्ये, युद्धकाळातील राजधानी चोंगछिंग येथे होते. तेव्हा हे चित्र त्यांच्या भारतवासातील असणार, हा दुवा तारखेनेच तुटतो. दुसरा मार्ग उरतो तो युद्धाचा: १९४२ ते १९४५ या काळात आसामातून हिमालय ओलांडून कुनमिंगला विमाने जात, आणि त्या मार्गाने ये-जा करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर चिनी वस्तू कलकत्त्यापर्यंत येत. भुसावळच्या एखाद्या अधिकाऱ्याकडे अशा वाटेने चित्र पोहोचणे अशक्य नाही. तेवढ्यावरून ते पोहोचलेच, असे म्हणता येत नाही. शिवाय हे विसरू नये, की छापील प्रतीवर तारीखही मूळ चित्राबरोबर छापून येते. ती मूळ चित्राची तारीख असते. हातातला कागद त्यानंतर कितीही वर्षांनी छापलेला असू शकतो.

वडिलांनी सांगितलेली हकीकत मी खोटी मानत नाही. मात्र घरोघरी असे घडते, की दोन वेगवेगळ्या वस्तूंच्या हकीकती पुढच्या पिढीत एकमेकींना चिकटतात. इंग्रजाच्या बंगल्यातून आलेली एखादी खुर्ची असते आणि चित्र १९६० साली कलकत्त्याच्या प्रवासात घेतलेले असते. आजोबांच्या हातची पावती, हिशेबाची वही, लग्नातील एखादे छायाचित्र ज्यात भिंतीवर हे चित्र दिसते, असे काही सापडले तर ते चित्राइतकेच जपून ठेवावे. वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याचा लेखी माग चिनी चित्रांच्या बाजारात फार मोलाचा ठरतो.

आता किंमत. ठिपक्यांची छपाई निघाली तर त्यात विकण्याजोगे काही नाही; आठवण म्हणून ठेवावी. लाकडी ठशाची जुनी, चांगल्या स्थितीतील प्रत संग्राहक घेतात, आणि तिला माफक पण निश्चित किंमत असते. हाताने केलेली निनावी नक्कल तिच्याहून कमीही ठरू शकते, हे वाचकांना विचित्र वाटते. पण नक्कल करणाऱ्याने खोटे नाव घातले की त्याची मेहनत बाजारात मातीमोल होते. आणि अस्सल निघाले तर मग चित्रकाराच्या नावाबरोबर विषय, काळ, स्थिती आणि आकार यांचा हिशेब होतो. चीनमध्ये दर चौरस चिनी फुटावर बोलण्याची पद्धत आहे. तो फूट सुमारे ३३ सेंटिमीटरचा, म्हणजे आपले चित्र साधारण तीन चौरस फूट भरेल. वर्तमानपत्रांतील आकडे मात्र या हिशेबात आणू नयेत. छी बाइशी यांच्या बारा निसर्गचित्रांचा संच डिसेंबर २०१७ मध्ये बीजिंगच्या लिलावात ९३ कोटी १५ लाख युआनला गेला, हे खरे आहे. त्याच छी बाइशींच्या नावावरचे गरुडाचे एक चित्र २०११ मध्ये ४२ कोटी ५५ लाख युआनच्या बोलीवर गेले, आणि नंतर त्याच्या अस्सलपणावर वाद निर्माण होऊन खरेदीदाराने पैसेच भरले नाहीत, हेही तितकेच खरे आहे. ज्या बाजारात इतक्या वरच्या पातळीवर असे होते, तेथे छायाचित्र पाहून रुपयांत आकडा सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, मग तो आकडा मोठा असो वा लहान.

वाटणीपुरता माझा सल्ला असा, की वाटणीपत्रात या चित्राची किंमत न धरता ते तिघांच्या सामाईक मालकीचे म्हणून नोंदवावे, सध्या कोणाकडे राहील ते लिहावे आणि पुढे विक्री झाल्यास रक्कम समान वाटून घेण्याचे ठरवावे. कोणी एकाने ‘कोटीचे’ म्हणून आपल्या वाट्याला घेऊन त्यापोटी शेत सोडले आणि पुढे ते दिनदर्शिकेचे चित्र निघाले, तर भावाभावांत कायमचे वितुष्ट येईल.

तोपर्यंत चित्र सैल गुंडाळून, धुतलेल्या मांजरपाटात बांधून, भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेवावे. भुसावळच्या मे महिन्यातील उष्णतेत अस्तर आक्रसते आणि चित्राच्या कडा आत वळतात. त्या वेळी ते जोराने सपाट करू नये. पावसाळ्यात खळीच्या वासाने कसर लागते, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात महिन्यातून एकदा उघडून पाहावे. डांबरगोळ्या चित्राला लागतील अशा ठेवू नयेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन टाटा आणि दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत आणि तेथे कलावस्तूंच्या जतनाचे केंद्रही आहे. जतनाचा सल्ला अशा ठिकाणी मागावा. किंमत ठरवून देणे हे वस्तुसंग्रहालयांचे काम नव्हे. त्यासाठी चिनी चित्रांचे लिलाव करणाऱ्या संस्थेकडे जावे लागते.

प्रश्न : आमच्याकडील लोंबत्या चित्राला सर्वजण चिनी म्हणतात. ते जपानी तर नसेल? कसे ओळखावे?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : अक्षरांकडे पाहावे. चौकोनी, भरगच्च चिनी अक्षरांच्या मध्ये साधी, दोन-तीन वळणांची, मोकळी अक्षरे मिसळलेली असतील तर ती जपानी लिपी होय. केवळ चिनी अक्षरे असली म्हणून चित्र चिनीच ठरते असे नाही, कारण जपानी चित्रकारही शुद्ध चिनीत ओळी लिहीत. तारखेत मेइजी, ताइशो किंवा शोवा यांपैकी सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव आले, किंवा चित्राबरोबर हलक्या लाकडाची, झाकणावर शाईने लिहिलेली जुनी पेटी असली, तर जपानकडे कल धरावा. पेटी टाकून देऊ नये. झाकणावरचा मजकूर अनेकदा स्वतः चित्रकाराचा असतो.

प्रश्न : मुंबईतील एका पारशी कुटुंबाच्या जुन्या सामानातून माझ्या वडिलांना सात लहान चिनी चित्रे मिळाली होती. विणकर, न्हावी, चहा वाळवणाऱ्या बायका असे विषय आहेत. रंग अजून चमकदार आहेत, पण कागद मखमलीसारखा असून हात लावताच तुटतो. ही शाईचित्रे म्हणावीत का? लंडनला असलेला भाचा तेथे विकून देतो म्हणतो.
— एक वाचक, धुळे

उत्तर : ही शाईचित्रांच्या परंपरेतील नाहीत, आणि कागद म्हणता तो कागदही नाही. दक्षिण चीन व तैवान येथे होणाऱ्या एका झुडपाच्या खोडातला पांढरा गाभा सुरीने गोल गोल सोलून त्याचे पातळ पापुद्रे काढत; आपल्याकडे बाशिंगांसाठी वापरतात त्या भेंडाच्या जातीचा तो पदार्थ आहे. पापुद्रा गाभ्याएवढाच निघत असल्याने चित्रे लहान असतात. रंग त्यात पूर्ण शिरत नाही, वर उठून राहतो, म्हणून तो आजही ताजा दिसतो. एकोणिसाव्या शतकात ग्वांगझौ, म्हणजे त्या वेळच्या कँटन येथील चित्रशाळांत ही चित्रे परदेशी व्यापाऱ्यांसाठी संचांच्या रूपात तयार होत, आणि मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचा त्या बंदराशी जवळचा संबंध होता. जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांनी तरुणपणी चीनच्या अनेक फेऱ्या केल्या होत्या. तेव्हा आपली हकीकत आणि वस्तू एकमेकींशी जुळतात, असे म्हणायला हरकत नाही. चिनी विद्वान संग्राहक या प्रकाराला फारसे महत्त्व देत नसत. मला स्वतःला मात्र त्या काळच्या कामकऱ्यांचे कपडे, अवजारे आणि बसण्याच्या ढबी इतक्या बारकाईने दाखवणारी ही चित्रे अनेक मोठ्या नावांच्या नकलांपेक्षा अधिक आवडतात. किंमत संच पूर्ण आहे का आणि तडे किती आहेत यांवर ठरते. आपले चित्र गुंडाळू किंवा दाबून सपाट करू नये. आम्लरहित जाड पुठ्ठ्याच्या दोन पानांमध्ये आडवे ठेवावे.

लंडनला पाठवण्याविषयी सावध राहावे. पुरावस्तू व कलानिधीविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुने चित्र पुरावस्तू ठरते, ते भारतात काढलेले असो वा नसो, आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. भाच्याच्या बॅगेतून गेले तरी तो गुन्हाच होतो. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याला दाखवून नोंदणी करून घ्यावी आणि विक्री करायची तर देशातच, परवानाधारक व्यापाऱ्यामार्फत करावी.

प्रश्न : आमच्या गावातील एका घरी डोंगर आणि धुक्याचे शाईचे चित्र आहे. अजिंठ्याला राहिलेल्या एका चिनी चित्रकाराने ते त्या घरच्या आजोबांना दिले, असे सांगतात. असा कोणी चित्रकार खरोखर आला होता का?
— एक वाचक, जामनेर तालुका

उत्तर : आला होता. झांग दाछियान (१८९९–१९८३) हे विसाव्या शतकातील अत्यंत महत्त्वाचे चिनी चित्रकार १९५० साली भारतात आले, दिल्लीत त्यांचे प्रदर्शन झाले आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा त्यांनी तेथे राहून अभ्यास केला. त्याआधी १९४१ ते १९४३ या काळात त्यांनी वायव्य चीनमधील दुनह्वांगच्या बौद्ध लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला केल्या होत्या, आणि त्या चित्रांचा उगम भारतात किती आहे हे त्यांना ताडून पाहायचे होते. पुढे काही काळ ते दार्जिलिंगला राहिले. तेव्हा जळगावपासून साठेक किलोमीटरवर हा माणूस प्रत्यक्ष वावरला, ही गोष्ट पक्की आहे.

पण चित्राच्या बाजूने विचार करता अडचण अशी, की झांग हेच जुन्या चित्रकारांच्या बेमालूम नकला करण्यासाठी प्रसिद्ध होते. शिताओसारख्या सतराव्या शतकातील चित्रकाराच्या नावाने त्यांनी केलेल्या चित्रांनी मोठमोठे संग्राहक फसले. त्यांच्या स्वतःच्या नावावर इतरांनी केलेल्या नकलाही तितक्याच आहेत. म्हणून सही त्यांची दिसली तरी मी आधी दोन गोष्टी पाहीन. एक, मजकुरात चित्र कोणाला दिले त्याचे नाव आहे का. चिनी चित्रकार भेट देताना ते नाव सहसा लिहितात, आणि असे नाव खरवडलेले असेल तर तेथे कागद पातळ झालेला उजेडात दिसतो. दोन, तारखेच्या शब्दांत ‘गेंग-यिन’ हे वर्ष येते का, कारण १९५० साठी तेच नाव आहे. मजकुराची ओळ, शिक्के आणि मागील बाजू यांची सरळ उजेडात, फ्लॅश न वापरता, पट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे काढून पाठवावीत. चित्र भिंतीवरून उतरवताना ते वरच्या दांडीने धरावे, कागदाने धरू नये.